मोरचुदातल्या सळईपासून ॲल्युमिनिअमच्या भट्टीपर्यंत: धातूंच्या अभिक्रियाशीलतेविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दहावीच्या विज्ञानात ‘धातुविज्ञान’ हा धडा येतो आणि दरवर्षी तेच प्रश्न विचारले जातात. मुलं विचारतात, तितकेच पालकही विचारतात. त्यातले काही इथे एकत्र केले आहेत. अभिक्रियाशीलतेची श्रेणी ही पाठ करायची यादी नव्हे, तो एक दरफलक आहे, असं माझं मत आहे. कोणता धातू मातीतून सोडवून आणायला किती ‘पडतो’, ते त्यावर लिहिलेलं असतं. तसं वाचलं की पाठांतर फारसं उरत नाही.

अभिक्रियाशीलता म्हणजे नेमकं काय?

धातूचा अणू बाहेरचे इलेक्ट्रॉन किती सहज सोडून देतो, ते. सोडले की त्याचा धनायन होतो आणि तो ऑक्सिजन, क्लोरीन, गंधक अशा कुणाशी तरी संयुग करून बसतो. सोडियम एका झटक्यात इलेक्ट्रॉन देऊन मोकळा होतो, सोनं देता देत नाही.

व्याख्येपेक्षा द्राक्षबागेतलं उदाहरण बरं. नाशिक-सांगलीकडचे बागायतदार मोरचूद आणि चुना मिसळून बोर्डो मिश्रण हे बुरशीनाशक करतात. एक टक्क्याचं करायचं तर १ किलो मोरचूद, १ किलो चुना आणि १०० लिटर पाणी. मिश्रण नीट जमलं का हे बघायला त्यात स्वच्छ लोखंडी सळई किंवा विळा बुडवतात. त्यावर तांबूस थर आला तर चुना कमी पडला असं समजायचं. हा थर म्हणजे तांबंच. मोरचूद म्हणजे कॉपर सल्फेट. लोखंड तांब्यापेक्षा अभिक्रियाशील असल्यामुळे ते स्वतः द्रावणात उतरतं आणि तांब्याला बाहेर काढतं. पुस्तकात याला विस्थापन अभिक्रिया म्हणतात. पुरेसा चुना असेल तर तांबं आधीच अविद्राव्य संयुगात अडकलेलं असतं, म्हणून सळई कोरी राहते. हे मिश्रण लोखंडी पिंपात करू नका असं सांगतात, त्याचं कारणही हेच.

श्रेणीचा क्रम काय?

वरून खाली: पोटॅशिअम, सोडिअम, कॅल्शिअम, मॅग्नेशिअम, ॲल्युमिनिअम, मँगनीज, जस्त, लोह, कथिल, शिसे, (हायड्रोजन), तांबे, पारा, चांदी, सोने, प्लॅटिनम. वरचा धातू खालच्याला त्याच्या क्षाराच्या द्रावणातून बाहेर काढतो, खालचा वरच्याला काढू शकत नाही. फक्त पोटॅशिअम, सोडिअम, कॅल्शिअम हे नियम दाखवायला द्रावणात टाकू नका. ते आधी पाण्यालाच धरतात.

हायड्रोजन धातू नाही, मग तो मध्येच कशाला?

तो सीमेवरच्या दगडासारखा आहे. त्याच्या वरचे धातू विरल आम्लातून हायड्रोजन वायू काढतात, खालचे काढत नाहीत. जस्ताचा तुकडा विरल हायड्रोक्लोरिक आम्लात टाकला की बुडबुडे येतात, तांब्याची तार नुसती पडून राहते.

तांबं नायट्रिक आम्लात मात्र विरघळतं आणि तपकिरी धूर येतो. तिथे काम हायड्रोजनचं नसतं. नायट्रिक आम्ल स्वतःच जबर ऑक्सिडीकारक आहे. परीक्षेत हा फरक न लिहिल्यामुळे गुण जातात.

कुठे सोडिअम वर, कुठे कॅल्शिअम वर, कुठे लिथिअम सर्वांत वर. खरं काय?

कसं मोजलं यावर ते अवलंबून आहे. पाण्यात टाकून किती जोरात पेटतं ते बघितलं तर पोटॅशिअम, सोडिअम, मग कॅल्शिअम. विद्युतविभव, म्हणजे इलेक्ट्रॉन सोडण्याची ओढ, व्होल्टमध्ये मोजलं (जितकं उणे, तितका धातू वर) तर लिथिअम उणे ३.०४ व्होल्ट, पोटॅशिअम उणे २.९३, कॅल्शिअम उणे २.८७ आणि सोडिअम उणे २.७१. म्हणजे लिथिअम सगळ्यांच्या वर जातं आणि कॅल्शिअम सोडिअमला मागे टाकतं.

पाण्यात मात्र लिथिअम सावकाश फसफसतं. सोडिअम ९८ अंशांना वितळतं, म्हणून अभिक्रियेच्या उष्णतेने त्याची गोळी होऊन ती पाण्यावर पळते. लिथिअमला वितळायला १८० अंश लागतात. तो तुकडाच राहतो आणि पाण्याला ताजा पृष्ठभाग हळूहळू मिळतो. किती ऊर्जा सुटणार आणि किती वेगाने सुटणार, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. शाळेत आपण ते एकाच श्रेणीत कोंबतो. परीक्षेपुरता आपल्या पुस्तकातला क्रम धरा.

धातू खाणीत धातू म्हणून का सापडत नाहीत?

सोनं, प्लॅटिनम आणि काही प्रमाणात चांदी-तांबं तसे सापडतातही. बाकीचे कोट्यवधी वर्षं हवा, पाणी आणि गंधकाच्या सहवासात राहिल्यामुळे कधीच संयुगं होऊन बसले. हेमेटाइट म्हणजे लोखंडाचा ऑक्साइड, बॉक्साइटमध्ये ॲल्युमिनिअमचा, झिंक ब्लेंड म्हणजे जस्ताचा सल्फाइड, हिंगूळ म्हणजे पाऱ्याचा. ज्या खनिजातून धातू काढणं परवडतं त्याला धातुक म्हणतात. या व्याख्येतला ‘परवडतं’ हा शब्द मुलं गाळतात. खरं तर सगळं त्याच शब्दात आहे.

निष्कर्षण म्हणजे या संयुगातून धातूला परत इलेक्ट्रॉन देणं, म्हणजेच क्षपण. धातूने ते जितक्या उत्साहाने सोडले होते, तितका ते परत द्यायला खर्च.

मग माणसाला धातू कोणत्या क्रमाने मिळाले?

खालून वर. प्राचीन जगाला नीट माहीत असलेले सात धातू, म्हणजे सोनं, चांदी, तांबं, कथिल, शिसं, लोखंड आणि पारा, सगळे श्रेणीच्या खालच्या अर्ध्या भागातले आहेत. तांब्याची धातुकं कोळशाच्या आचेने नमतात. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या दायमाबादला १९७४ साली सापडलेले रथ, हत्ती, गेंडा आणि रेडा हे त्या तांब्या-कांस्याच्या जगातले आहेत. लोखंड पुढचं. नागपूरजवळच्या नायकुंडला उत्खननात लोखंड गाळण्याची भट्टी मिळाली, तिचा काळ इसवी सनापूर्वी सातव्या शतकाच्या आसपासचा धरतात. त्या भट्ट्यांत लोखंड वितळत नसे, कारण त्याला १५३८ अंश लागतात. स्पंजासारखा गोळा मिळे आणि तो ठोकून ठोकून मळी बाहेर काढावी लागे.

त्याच्या वरच्या पायऱ्या चढायला माणसाला विजेची वाट बघावी लागली. हम्फ्री डेव्ही या रसायनशास्त्रज्ञाने १८०७ मध्ये विद्युत अपघटनाने (संयुगातून वीज सोडून) पोटॅशिअम आणि काही दिवसांतच सोडिअम वेगळं केलं. पुढच्या वर्षी कॅल्शिअम आणि मॅग्नेशिअमही.

कोणत्या धातूसाठी कोणती पद्धत, हे कसं ओळखायचं?

मध्यावर कार्बन बसवा. कार्बन धातू नाही, पण श्रेणीत त्याची जागा ॲल्युमिनिअम आणि जस्त यांच्या मधे येते. कार्बनच्या खालचे धातू (जस्त, लोह, कथिल, शिसे) कोळशाने किंवा कोकने (दगडी कोळसा तापवून केलेल्या इंधनाने) ऑक्साइडमधून सुटतात. वरच्यांना वीज लागते. तळातल्या पाऱ्यासारख्यांना नुसती आच पुरते: हिंगूळ हवेत तापवला की पारा वाफ होऊन येतो आणि गंधक सल्फर डायऑक्साइड होऊन निघून जातं.

भाजणे आणि निस्तापन यांत गोंधळ होतो. उपाय काय?

सल्फाइड धातुक भरपूर हवेत तापवलं की ते भाजणे. कार्बोनेट धातुक मर्यादित हवेत तापवलं की निस्तापन. चुन्याच्या भट्टीत चुनखडी तापवून कळीचा चुना करतात, ते निस्तापनच. दोन्हींचा हेतू एकच, धातुकाचा ऑक्साइड करायचा, कारण कार्बन ऑक्साइडशी चांगला झगडतो आणि सल्फाइडशी नाही.

लोखंडाच्या झोतभट्टीत चुनखडी कशाला टाकतात?

वरून हेमेटाइट, कोक आणि चुनखडी, खालून तापलेल्या हवेचा झोत. कोक जळून कार्बन डायऑक्साइड होतो, तो वरच्या तापलेल्या कोकशी भिडून कार्बन मोनॉक्साइड होतो आणि लोखंडाला प्रामुख्याने हा वायू सोडवतो. चुनखडीचं काम सफाईचं. धातुकासोबत वाळू, म्हणजे सिलिका, येते. ती एकटी लवकर वितळत नाही. चुन्याशी मिळाली की कॅल्शिअम सिलिकेटची धातुमळी होते. ही मळी वितळलेल्या लोखंडावर तरंगते, वेगळी काढता येते आणि पुढे सिमेंटमध्ये जाते.

गोव्यातून, सिंधुदुर्गातल्या रेडीतून कित्येक वर्षं बरंचसं धातुक जहाजांत भरून परदेशी गेलं. गडचिरोलीच्या सुरजागडलाही मोठे साठे आहेत. डोंगर खणणं हा कामाचा पहिला तुकडा फक्त. कोक, चुनखडी, पाणी, रेल्वे हे सगळं जिथे जुळतं तिथे भट्टी उभी राहते.

जस्त कार्बनने सुटतं, तर ते इतक्या उशिरा का सापडलं?

हा माझा सर्वांत आवडता प्रश्न. जस्ताच्या ऑक्साइडचं कोळशाने क्षपण व्हायला साधारण १००० अंशांच्या आसपास तापमान लागतं आणि जस्त ९०७ अंशांनाच उकळतं. म्हणजे धातू जन्मतो तोच वाफ म्हणून. भट्टीच्या तोंडाशी येताच हवेतला ऑक्सिजन त्याला पुन्हा गिळतो आणि हाती पांढरी भुकटी. तांबं-लोखंड करणाऱ्यांच्या भट्ट्यांत जस्त तयार झालं असणार, पण कुणाला दिसलं नाही.

कोडं सुटलं ते राजस्थानात, उदयपूरजवळच्या जावरला. तिथल्या कारागिरांनी वांग्याच्या आकाराच्या मातीच्या मुशी केल्या. आत भाजलेलं धातुक आणि कोळसा भरायचा, मानेत एक काडी खोचायची आणि मूस उलटी टांगायची. उलटी केल्यावर काडीमुळे माल पडत नाही. पुढे काडी जळून जाते आणि वाफेला खाली यायला वाट मिळते. एका भट्टीत अशा ३६ मुशी, वर धगधगती आच आणि खाली थंड कप्प्यात भांडी. वाफ हवेला न भेटता खाली उतरे आणि थंड होऊन जस्ताचे थेंब पडत. ‘रसरत्नसमुच्चय’ या संस्कृत ग्रंथात वृंताकमूषा आली आहे. वृंताक म्हणजे वांगंच. युरोपात विल्यम चॅम्पियनने ब्रिस्टलला जस्ताच्या ऊर्ध्वपातनाचं पेटंट घेतलं ते १७३८ साली, जावरला मोठ्या प्रमाणावर काम सुरू झाल्यानंतर कित्येक शतकांनी. जावरच्या परिसरात वापरलेल्या मुशींचे ढीग आजही आहेत, त्यांच्याच भिंती रचलेल्या दिसतात.

आज बहुतेक जस्त विद्युत अपघटनाने काढतात, तेही पाण्यातल्या द्रावणातून.

ॲल्युमिनिअम कार्बनने का सुटत नाही आणि वीज इतकी का लागते?

ऑक्सिजनवरची त्याची पकड कार्बनपेक्षा घट्ट. प्रचंड तापमानाला कार्बन जिंकू शकतो, पण तोवर ॲल्युमिनिअमचं कार्बाइड होऊ लागतं.

म्हणून वीज. पण त्यातही अडचण अशी की शुद्ध ॲल्युमिना (ॲल्युमिनिअमचा ऑक्साइड) २००० अंशांच्या वर वितळतं. अमेरिकेत चार्ल्स मार्टिन हॉल आणि फ्रान्समध्ये पॉल हेरॉल्ट, दोघांनी एकमेकांना न ओळखता १८८६ मध्ये एकच युक्ती काढली: ॲल्युमिना वितळवायचंच नाही, वितळलेल्या क्रायोलाइट या खनिजात विरघळवायचं. मग साधारण ९६० अंशांवर काम भागतं. गंमत म्हणजे दोघांचा जन्म १८६३ चा आणि मृत्यूही एकाच वर्षी, १९१४ मध्ये. त्यांच्या आधी हा धातू इतका महाग होता की १८८४ मध्ये वॉशिंग्टन स्मारकाच्या टोकावर मानाने ॲल्युमिनिअमचं शिखर बसवलं.

कोल्हापूर जिल्ह्यात राधानगरी-शाहूवाडीच्या जांभ्या पठारांवर बॉक्साइट आहे. आधी बेयर पद्धतीने, कॉस्टिक सोड्याच्या गरम द्रावणात, त्यातलं लोह आणि माती वेगळी करतात. उरतो तो लाल गाळ, ही या उद्योगाची जुनी डोकेदुखी. ढोबळ हिशेब असा की ४ टन बॉक्साइटमधून २ टन ॲल्युमिना आणि त्यातून १ टन धातू. किलोमागे साधारण १४ युनिट वीज जाते. महिन्याला १०० युनिट वापरणाऱ्या घराच्या अख्ख्या महिन्याच्या विजेत ७ किलो ॲल्युमिनिअम, म्हणजे भांड्यांची एक मांडणीही भरणार नाही. उत्तर प्रदेशातला रेणुकूटचा ॲल्युमिनिअम कारखाना १९६२ मध्ये वीज देणाऱ्या रिहंद धरणाच्या शेजारी उभा राहिला तो उगाच नाही. भंगार वितळवून पुन्हा धातू करायला यातली पाच टक्के ऊर्जा पुरते, म्हणून भंगारवाला ॲल्युमिनिअमच्या पातेल्याला लोखंडापेक्षा चढा भाव देतो.

इतकं अभिक्रियाशील असूनही आमचा कुकर विरघळत का नाही?

कारण त्याने आधीच अभिक्रिया करून घेतली आहे. हवा लागताच ॲल्युमिनिअमवर काही नॅनोमीटर जाडीचा ऑक्साइडचा पापुद्रा धरतो. तो घट्ट चिकटतो, सच्छिद्र नसतो आणि खालचा धातू झाकून टाकतो. लोखंडाचा गंज याच्या उलट, पोपडे होऊन पडतो आणि आतलं लोखंड पुन्हा उघडं करतो. पापुद्रा गेला की ॲल्युमिनिअमचा खरा स्वभाव दिसतो. म्हणून ही भांडी धुण्याच्या सोड्याने घासू नयेत. पाराही हा पापुद्रा टिकू देत नाही, ॲल्युमिनिअमच्या विमानात तो नेऊ देत नाहीत तोही याच भीतीने.

पितळी पातेल्यात ताक कळकतं, कल्हई केलेल्यात नाही. का?

ताकातलं, चिंचेतलं आम्ल हवेच्या मदतीने तांबं विरघळवतं. ‘कळकलं’ म्हणतो ते तांब्याच्या क्षारांमुळे. कल्हईवाला भांडं तापवून नवसागर टाकतो, पांढरा धूर निघतो आणि ऑक्साइड निघून पृष्ठभाग स्वच्छ होतो. मग २३२ अंशांना वितळणारं कथिल कापसाच्या बोळ्याने पसरतो. कथिल श्रेणीत तांब्याच्या वर आहे हे खरं. तरी अन्नातल्या सौम्य आम्लांशी ते फार सावकाश वागतं आणि थोडं उतरलं तरी तांब्याइतकं बाधत नाही.

पत्र्यावर जस्त आणि डब्यावर कथिल. ओरखडा गेला तर?

जस्ताचा पत्रा ओरखडला तरी बराच काळ तगतो. जस्त लोखंडाच्या वर असल्यामुळे आधी ते झिजतं. मच्छीमार ट्रॉलरच्या तळाला जस्ताचे ठोकळे लावतात तेही झिजण्यासाठीच. कथिलाचा डबा ओरखडला की उलटं होतं, लोखंड वरचं म्हणून तेच बळी जातं आणि साध्या लोखंडापेक्षा लवकर गंजतं.

सोनं शुद्ध करताना श्रेणीचा काय उपयोग?

सांगली जिल्ह्यातल्या खानापूर-आटपाडी-विटा भागातले गलाई बांधव, म्हणजे सोनं-चांदी गाळणारे कारागीर, देशभरच्या सराफ बाजारांत हेच करतात. जुने दागिने वितळवताना त्यात मुद्दाम चांदी किंवा तांबं वाढवतात, म्हणजे सोन्याचा वाटा चौथाईवर येतो. सोनं जास्त असलं तर ते बाकीच्या धातूंना पोटात लपवतं आणि आम्ल आत शिरत नाही. मग नायट्रिक आम्लात चांदी-तांबं विरघळतं आणि सोनं तळाशी राहतं. चांदी थोडीच सोडून देणार? त्या द्रावणात तांब्याचे तुकडे टाकायचे, तांबं विरघळतं आणि चांदी भुरभुरीत होऊन खाली बसते. उरलेल्या निळ्या द्रावणात भंगार लोखंड टाकलं की तांबंही परत. चांदीला तांब्याने काढलं आणि तांब्याला लोखंडाने, म्हणजे अख्खी श्रेणी एका बादलीतून दुसरीत उतरते.

खाणीतही तसंच. टनामागे काही ग्रॅम सोनं असलेला खडक सायनाइडच्या द्रावणात धुतात आणि त्यातलं सोनं जस्ताच्या भुकटीने बाहेर काढता येतं.

सोडिअमपेक्षा पोटॅशिअम वर, तरी कारखान्यात सोडिअम वापरून पोटॅशिअम काढतात म्हणे?

हो, आणि नियम मोडलेला नाही. वितळलेल्या पोटॅशिअम क्लोराइडमधून सुमारे ८५० अंशांवर सोडिअमची वाफ सोडतात. समतोल थोडासाच पोटॅशिअमकडे झुकतो, पण पोटॅशिअम ७५९ अंशांना उकळतं आणि सोडिअम ८८३ अंशांना. तयार झालेलं पोटॅशिअम आधी वाफ होऊन निघून जातं, ते सतत काढून घेतलं की अभिक्रियेला पुढेच जावं लागतं. श्रेणी साधारण तापमानाची आहे, भट्टीत तिचा शब्द शेवटचा नसतो.

थर्मिट अभिक्रिया खरंच वापरतात का?

रेल्वेचे रूळ जोडताना. लोहाचा ऑक्साइड आणि ॲल्युमिनिअमची भुकटी पेटवली की वितळलेलं लोखंड थेट फटीत उतरतं. मँगनीज डायऑक्साइडमधून मँगनीजही असंच सुटतं. भंडारा-नागपूर पट्ट्यातल्या मँगनीजपैकी बरंच मात्र विजेच्या भट्टीत फेरोमँगनीज (लोखंड-मँगनीजचा मिश्रधातू) होऊन पोलादात जातं. चंद्रपूरला तसा कारखाना आहे.

मॅग्नेशिअम पेटलं तर?

पाणी नको, कार्बन डायऑक्साइडचं नळकांडंही नको. ते दोन्हींतला ऑक्सिजन ओढून घेतं आणि जास्तच भडकतं. कोरडी वाळू टाका.

घरी करण्यासारखा एखादा प्रयोग?

काळी पडलेली चांदी. पातेल्यात ॲल्युमिनिअम फॉइल अंथरा, वर चांदीची निरांजनं अशी ठेवा की फॉइलला टेकतील. खाण्याचा सोडा टाका आणि उकळतं पाणी ओता. सोडा फॉइलवरचा पापुद्रा खातो, ॲल्युमिनिअम मोकळं होतं आणि सिल्व्हर सल्फाइडमधली चांदी जागच्या जागी परत धातू होते. सडक्या अंड्यासारखा वास येईल, खिडकी उघडी ठेवा. चिंच किंवा पावडर लावून घासलं की थोडी चांदी जाते, इथे जात नाही. फक्त ‘ऑक्सिडाइज्ड’ म्हणून हौसेने घेतलेले चांदीचे झुमके त्यात टाकू नका. त्यांचा काळा रंग म्हणजे तोच सल्फाइड, पाच मिनिटांत पांढरेशुभ्र होऊन बाहेर येतील.